फाटलेल्या पुस्तकांचा उन्हाळा

एप्रिल लागला की आमच्या बिल्डिंगमध्ये गहू यायला लागतो. वर्षाचा गहू एकदम भरून ठेवायची माळव्यातली रीत फ्लॅटमध्ये आल्यावरही आम्ही सोडलेली नाही. हम्माल पोतं पाठीवर घेऊन जिना चढतो आणि हॉलमध्ये पोचला की सरळ टाकून देतो. परवा वरच्या मजल्यावर गहू आला तेव्हा मी पोहे परतत होते. पहिलं पोतं धप्पकन पडलं आणि माझ्या छताचा पंखा थरथरला. दुसरं पडलं तेव्हा मी गॅस बंद केला. वर आता एक निवृत्त जोडपं राहतं, दोघंही गरीब स्वभावाची. ते पोतंच आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी पायांत चपला सरकवून मी वर गेले आणि बेल दाबली. दार उघडल्यावर काय बोलावं ते सुचेना, म्हणून विरजण मागितलं.

इंदूरचा उन्हाळा मारकुटा आहे. रंगपंचमीचा रंग भिंतींवरून पुरता उतरलेला नसतो तोच लू, म्हणजे उन्हाळी झळांचा वारा, सुरू होते आणि गच्चीत कपडे वाळत घालायला गेलेल्या माणसाच्या थोबाडीत मारते. अन्नपूर्णेच्या देवळाकडून आमच्याकडे येणारा रस्ता दुपारी नुसता पांढरा दिसतो. घरोघरी कूलर लागतात. बाहेरून छान वाटतं, वाळ्याचा वास वगैरे, पण त्या आवाजात शेजारच्या खोलीतलं माणूसही ऐकू येत नाही. भर दुपारी कुणाच्या घरात काय चाललंय हे उन्हाळ्यात कुणालाच कळत नाही. ज्याला ते कळू द्यायचं नसतं, त्याच्या हे चांगलंच लक्षात येतं.

काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात मी खुनांची पुस्तकं वाचत होते. मी काही दर्दी वाचक नाही. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभं राहावं लागतं, तेवढ्यात चार पानं होतात, तसलं माझं वाचन. सूर्यास्ताची वर्णनं मी सरळ ओलांडून जाते. आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय म्हणजे हॉलच्या मागची एक लांबट खोली. तिथल्या प्रत्येक पुस्तकाला एकसारखं खाकी बाइंडिंग, कडक पुठ्ठा आणि पाठीवर शाईने लिहिलेलं नाव. त्यामुळे भक्तिपर पुस्तक कोणतं आणि तिहेरी खून कोणता, हे लांबून ओळखू येत नाही. आत मात्र सगळ्यांच्या खुणा असतात. हळदीची बोटं, घडीत अडकलेली शेव, दहाव्या पानावर कुणा दुष्टाने लिहिलेलं ‘खुनी माळी आहे’. आमच्या शोभामावशी तर वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून ठराविक पानावर छोटं तुळशीवृंदावन काढतात.

खुनांच्या पुस्तकांबद्दल माझी काही मतं झाली होती. त्यांत बंगला नेहमी डोंगरावर असतो आणि बाहेर धुकं असतं. प्रेत गालिच्यावर सापडतं, रक्ताचं थारोळंच होतं, त्याहून कमी रक्त त्या लेखकांना चालत नाही. बाई एकदा किंचाळते आणि सारा बंगला जागा होतो. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत बसवून कुणी हुशार माणूस सगळं उलगडून सांगतो, आणि आपण पुस्तक मिटून कणीक मळायला घेतो. मला ते आवडायचं. मेलेल्या बाईचं आपल्याला काही वाटून घ्यावं लागत नाही, ती पहिल्या पानावरच आटोपलेली असते.

वरच्या मजल्यावर तेव्हा निखिल आणि मृणाल राहायचे. दोघं साताऱ्याकडचे, लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली. तो विजय नगरमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काहीतरी करायचा. दिसायला नीटनेटका, वाकून नमस्कार करणारा, आणि बोलणं तर असं की ऐकत राहावं. आम्ही इंदूरची मराठी माणसं. आमचे पूर्वज होळकरांच्या लष्करात नाहीतर दफ्तरात आले आणि इथलेच झाले. आमच्या मराठीत हिंदी इतकी मुरली आहे की आता वेगळी काढता येत नाही, कुणालाही हाक मारताना भाऊऐवजी ‘भिया’च तोंडात येतं. त्यामुळे महाराष्ट्रातून आलेलं, स्वच्छ मराठी बोलणारं कुणी दिसलं की आम्ही विरघळतो. मंडळाचे सचिव दिघेकाका तर पार विरघळले. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन त्यांनी निखिलकडे दिलं आणि तो बोलत असताना पहिल्या रांगेत डोळे मिटून मान डोलवत बसले. मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मला वाटलं पलंग सरकवताहेत. दुसऱ्यांदाही तेच वाटलं. रविवारची दुपार, वर कूलर पूर्ण वेगात, आणि त्याच्या खालून धप्प, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा धप्प. पलंग इतक्यांदा कोण सरकवतं? मी वाट बघत होते ती किंचाळीची. पुस्तकांनी तेवढंच शिकवलं होतं. पण मृणाल एकदाही किंचाळली नाही. त्या घरातून बाईचा आवाज असा कधी आलाच नाही, आणि माझ्या अंगावर काटा आला तो त्यामुळे.

आमच्या ह्यांना सांगितलं तर ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, “तू कशाला बीच में पडतेस? मियां-बीवी का मामला आहे.” मी पडले. आवाज सुरू झाला की वाटी घेऊन वर जायचं आणि बेल दाबून विरजण मागायचं. बेल वाजली की आवाज थांबायचा, आणि दार उघडून निखिल हसायचा. त्या उन्हाळ्यात मी इतकं विरजण मागितलं की आमच्या घरी दही लावायला दूध पुरेना. तो ओळखून होता. मीही ओळखून होते. दोघंही एकमेकांकडे बघून गोड हसायचो, आणि मला तोंडात कडू चव यायची.

मृणालला एकटीने खाली उतरायची परवानगी नव्हती. हे तिने कधी सांगितलं नाही, मीच हळूहळू जुळवलं. घराची किल्ली त्याच्याकडे, फोन त्याने तपासलेला, माहेरचं बोलणं स्पीकरवर. फक्त वाचनाला त्याची हरकत नव्हती. बायको वाचते हे चार लोकांत सांगायला बरं दिसतं. म्हणून मी माझ्या कार्डावर तिच्यासाठी पुस्तकं आणायला लागले. मला जे आवडतं तेच आणणार, दुसरं मला काय कळतं? ती मुकाट्याने वाचायची आणि परत द्यायची. एक दिवस पुस्तक परत देताना दाराशी हळूच म्हणाली, “काकू, ज्यात बाई मरत नाही असं काही आहे का तिकडे?”

मी वाचनालयात गेले आणि शोधायला लागले. खुनाच्या रॅकपाशी उभी राहून एकेक पुस्तक काढत होते. गळा दाबलेली, विष दिलेली, दरीत ढकललेली, ट्रंकेत भरलेली. यातली निम्मी मी पोळ्या करता करता वाचली होती आणि मजेत वाचली होती. त्या दुपारी ती सगळी मी एकेक करून परत रॅकमध्ये खोचली. सरळ सांगते, मला माझा नाही, त्या लिहिणाऱ्यांचा राग आला. यांना दुसरं कुणी मारायला सापडत नाही का? पुरुष मरतो असं एकच सापडलं. त्यात एक बायको नवऱ्याला शांतपणे, नीट विचार करून संपवते. तेवढ्यासाठी मी ते उचललं. वाचून बरं वाटेल तिला, एवढाच हेतू.

ते पुस्तक निखिलने उघडून बघितलं. इतके दिवस खाकी बाइंडिंगच्या आत डोकावायची तसदी त्याने घेतली नव्हती, त्या रविवारी घेतली. मी खाली कैऱ्या किसत होते. धप्प असा आवाज आला नाही, चटचट असा आला, कोरडा आणि लागोपाठ. मी किसणी टाकली, वाटीसुद्धा घेतली नाही. बेलवर बोट ठेवलं ते काढलंच नाही. दार उघडायला वेळ लागला. निखिलच्या कपाळावर घाम होता, पण हसू जागच्या जागी होतं. त्याच्यामागे फरशीवर पानं पसरली होती आणि कूलरच्या वाऱ्याने खोलीभर सरपटत होती. पुठ्ठ्याचा एक तुकडा सोफ्याखाली गेला होता. मृणाल भिंतीशी बसली होती, ओढणी डोक्यावर दाबून धरलेली.

“मांजर शिरलं होतं, काकू,” तो म्हणाला. “पुस्तकाची फार नासधूस केली त्याने. आपण मंडळाला भरपाई देऊ.” मी आत घुसायला लागले तर त्याने दार हळूच माझ्या अंगावर लावून घेतलं.

ते पुस्तक मी दिलं होतं. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेवढंच. पण त्यात माझी चूक मी मानत नाही, तेव्हाही मानली नाही. हात त्याचा होता. मी तिच्या भावाचा नंबर मिळवायच्या मागे लागले, तो काही मिळेना. ती असल्याशिवाय मी एकटीने कुठे जाऊन काय सांगणार, आणि ती तर दाराबाहेर येत नव्हती. आज ना उद्या वरून काहीच आवाज येणार नाही, आणि मग सगळ्यांना कळेल, या भीतीने मला जेवण जाईना.

मदत झाली ती आमच्या मंडळाच्या एका वेड्या प्रथेची. पावसाआधी, उन्हाळ्यातल्या एका रविवारी सकाळी, वाचनालयाची फाटकी पुस्तकं सगळे मिळून जोडतात. मैद्याची खळ शिजवतात, कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालतात, मोठ्या टेबलावर जुने पेपर अंथरतात. ज्याच्या घरी पुस्तक फाटलं त्यानेच ते जोडायचं, पैसे भरून सुटका नाही. आणि ब्रश हातात मिळण्याआधी सगळ्यांसमोर सांगायचं की पुस्तक कसं फाटलं. नातवाने खाल्लं, वरणात पडलं, जावयाने माशी मारली. लोक खोटंच सांगतात आणि जितकं रंगवून सांगतात तितकं इतर हसतात. पुस्तक कुणाकडे फाटलं ते मी मंडळात कळवलं होतं, म्हणून दिघेकाकांनी निखिलला फोन केला की वाचणाऱ्या वहिनींना यावंच लागेल, नियम म्हणजे नियम. ज्या माणसाला चार लोकांत चांगलं दिसायचं असतं त्याला अशा वेळी नाही म्हणता येत नाही. त्याने तिला स्वतः गाडीवरून आणून सोडलं आणि मंडळींसाठी गरम कचोऱ्या घेऊन येतो म्हणून राजवाड्याकडे गेला.

हॉलमध्ये पंखे बंद होते, नाहीतर पानं उडतात. सगळे घामाने निथळत होते. शोभामावशींनी सांगितलं की त्यांचं पुस्तक पोपटाने फाडलं. त्यांच्याकडे पोपट नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे हशा झाला. मग मृणालची पाळी आली. तिने पिशवीतून पुस्तकाचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले.

“डोक्यात मारलं, म्हणून फाटलं,” ती म्हणाली.

सगळे हसले. कुणीतरी विचारलं, कुणाच्या डोक्यात, काकूंच्या? पुन्हा हसले. मी तिच्या शेजारी उभी होते. मृणाल हसणं संपायची वाट बघत राहिली. अगदी संपू दिलं तिने ते.

“माझ्या,” ती म्हणाली. “निखिलने मारलं. पुठ्ठ्याचा कोपरा लागला. मग पुस्तक फाटेपर्यंत मारत राहिला.”

आणि तिने मान खाली घातली, आणि शाळेत उवा बघताना मुली करतात तसे दोन्ही हातांनी केस बाजूला केले. जखमेवर खपली धरलेली होती, लांब, भांगाला आडवी. तिच्या बाजूला जुन्या खुणा होत्या, तिथे केस उगवले नव्हते. शोभामावशींचा खळीने बरबटलेला हात हवेतच राहिला.

दिघेकाका पहिल्यांदा बोलले, आणि काय बोलले? “पण भिया, तो तर किती शुद्ध मराठी बोलतो.”

त्या क्षणी मला त्यांना खळीच्या पातेल्यात बुडवावंसं वाटलं. पण पुढे कितीदा तरी विचार केला तेव्हा जाणवलं की ते सगळ्यांच्याच मनातलं बोलले होते. शुद्ध बोलणारा माणूस शुद्धच असणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. आणि ते कानांवर पडल्यावर दिघेकाकांचं त्यांनाच कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला आणि ते खुर्चीत बसले.

तेवढ्यात निखिल आला. हातात कचोऱ्यांचं पुडकं, तेलाने पारदर्शक झालेलं. काय काका, जमलं का आमचं पुस्तक, असं काहीतरी प्रसन्नपणे विचारलं त्याने. दिघेकाका उठले नाहीत.

“निखिलजी,” ते म्हणाले, “आधी सांगा, हे कसं फाटलं?”

“मांजर,” निखिल हसून म्हणाला.

कुणीही हसलं नाही. त्याने एकेका चेहऱ्याकडे बघितलं आणि मग मृणालकडे, तिच्या विसकटलेल्या केसांकडे. चल, म्हणाला. ती हलली नाही. पुन्हा चल म्हणाला, हळू आवाजात, आणि मला त्या आवाजावरूनच कळलं की बंद दाराआड तो कसा बोलत असेल. मग त्याने पुडकं टाकलं आणि तिची वेणी धरली. भर हॉलमध्ये, मंडळाच्या सगळ्या म्हाताऱ्यांसमोर, वेणीने ओढून त्याने तिला खुर्चीवरून खाली पाडलं. टेबल कलंडलं. खळ सांडली, पानं चिकटली, कचोऱ्या पायाखाली चिरडल्या.

माझ्या हातात जुन्या दिवाळी अंकांचा एकत्र बांधलेला जाडजूड ठोकळा होता. तो मी दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या कपाळावर मारला. मग आणखी एकदा मारला. पुस्तक किती लागतं याचा मला अंदाज नव्हता, बरंच लागतं. तो भेलकांडला आणि त्याने वेणी सोडली. मग पुरुषमंडळी धावली, चौघांनी त्याला धरलं, आणि जन्मात कुणाला अरे न म्हणणारे दिघेकाका त्याच्या कॉलरला लोंबकळत, इंदुरी हिंदीत, इथे लिहिता येणार नाहीत अशा शिव्या देत होते. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. कधी कधी रात्री झोप येत नाही तेव्हा मला तो ठोकळा कपाळावर बसल्याचा आवाज आठवतो आणि झोप लागते.

मृणाल आता साताऱ्याला भावाजवळ राहते. एका शाळेत शिकवते. कोर्टातली केस अजून चालू आहे. तारखेला येते तेव्हा माझ्याकडे उतरते, आणि तिच्यासाठी मी पुस्तकं आणत नाही. आमचे हे तिला स्टेशनवर घ्यायला जातात, तिची बॅग उचलतात. खुनाची पुस्तकं माझी सुटली. म्हणजे प्रयत्न केला, पण पहिल्या पानावरची ती गालिच्यावरची बाई ओलांडून पुढे जाताच येत नाही. मी तिथेच थांबून राहते. तिला काय म्हणायचं होतं, कुणाला विरजण मागायला बोलवायचं होतं, हे पुढच्या तीनशे पानांत कुणी विचारत नाही.

त्या दिवशी हॉलमधून आम्ही तसेच ठाण्यावर गेलो होतो. मृणाल, मी, दिघेकाका आणि शोभामावशी. ठाण्यात पंखा होता, पण वारा येत नव्हता. लिहून घेणारे मुंशी वयस्क होते, त्रासिक होते, पण उर्मट नव्हते. त्यांनी आधी एकदा विचारून बघितलं की घरात समजुतीने काही होत असेल तर बघा. मृणालने नाही अशी मान हलवली आणि हिंदीत सांगायला सुरुवात केली. तिची हिंदी आमच्यासारखी सरावाची नाही, शब्द शोधत, अडखळत, पण थांबत नव्हती. काय, कशाने, कुठे. पाण्याची बाटली. इस्त्रीची वायर. दाराची फट आणि बोटं. मी वाटी घेऊन वर जायचे त्या दुपारींतलं यात काहीच नव्हतं, हे सगळं त्याआधीचं होतं, मी तिला ओळखतही नव्हते तेव्हाचं. शोभामावशी पदराने तोंड दाबून बाहेर जाऊन बसल्या. दिघेकाका खाली बघत होते.

मुंशींनी पान उलटलं. मग दुसरं उलटलं. शेवटी पेन खाली ठेवून त्यांनी बोटं मोडली, घाम पुसला आणि विचारलं, “हो गया, बेटा?”

“नहीं,” मृणाल म्हणाली. “अभी तो शादी का पहला महीना ही हुआ है.”